शिवणीचा चौथा वाडगा

आमच्या देवटोल्यात माणूस मरत नाही, त्याचं लाकूड होतं. सुरुवात टाचेपासून होते. सकाळी उठून पाय जमिनीवर टेकवला की खट्ट असा आवाज येतो, आणि घरातलं कोणीतरी ग्रामपंचायतीत जाऊन अर्जाचा कागद घेऊन येतं. तिथून गळ्यापर्यंत पोचायला साधारण तीन आठवडे लागतात, वर डोक्यापर्यंत आणखी एक दिवस. दुखत नाही असं सगळेच सांगतात. मात्र गुडघे गेले की माणूस चिडचिडा होतो.

कोणाचं कुठलं लाकूड होईल हे आधी सांगता येत नाही. प्रत्येकाला वाटतं, आपला साग होणार. सागाला वनखात्याच्या हातोड्याचा ठसा लागतो, वाहतुकीचा परवाना लागतो, त्यासाठी साहेब लोक घरी येऊन चहा पिऊन जातात, त्यात मान आहे. प्रत्यक्षात गेल्या अकरा वर्षांत गावात दोनच साग निघाले आणि त्यातल्या एकानं आयुष्यात कधी खरं बोलल्याचं मला आठवत नाही. बाकी सगळे आंबा, जांभूळ, हिवर, मोह. आमचे वडील तेंदू निघाले.

छातीच्या लाकडातून चार ठोकळे निघतात. त्यांचे चार शोभेचे वाडगे करायचे आणि रक्ताच्या नात्यातल्या चौघांना एकेक द्यायचा, अशी रीत आहे. वाडगा उंच फळीवर ठेवायचा, वर्षातून एकदा जवसाचं तेल लावून पुसायचा. त्यात काही ठेवायचं नाही. किल्ल्या नाही, सुपाऱ्या नाही, लिंबूसुद्धा नाही. उरलेलं लाकूड शाळेच्या कुंपणाला जातं. फाटकापासून तिसरा खांब आमच्या वडिलांचा आहे. आणि मागे राहिलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला भुसा मिळतो, कारण नवरा-बायको हे रक्ताचं नातं नव्हे. नियमावलीत तसं स्पष्ट लिहिलं आहे, वाद घालायला जागा नाही.

वाडगे कोरायचं काम माझ्याकडे होतं. मी हंसराज कापगते, तालुक्याच्या आयटीआयमध्ये एकतीस वर्षं फिटर शिकवत होतो. पूर्वी हे काम सोमाजी सुतार वाकसानं तासून करायचा, एका वाडग्याला चार दिवस घ्यायचा आणि काठ कधी सरळ यायचा नाही. सोमाजी स्वतः बोरीचं लाकूड झाला तेव्हा त्याला कोरायला कोणी उरलं नाही. निवृत्तीनंतर छंद म्हणून मी एक सीएनसी राऊटर घेऊन घराच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसवला होता. पंचायतीनं ठराव केला की कापगते गुरुजींचं यंत्र गावाच्या कामी यावं. सोमाजी हा माझा पहिला. त्याचे काठ मी सरळ काढले.

यंत्र लहान आहे. दोन फूट बाय दीड फुटाची चौकट, तिच्यावर पुढेमागे, डावीउजवीकडे आणि वरखाली सरकणारं एक स्पिंडल, आणि स्पिंडलच्या तोंडात गरगर फिरणारी बिट. संगणकावर वाडगा काढून दिला की यंत्र थराथरानं लाकूड खात खाली उतरतं. आधी जाड बिटनं पोकळ करायचं, मग गोल तोंडाची बारीक बिट लावून गुळगुळीत करायचं. बिट बदलली की शून्य नव्यानं घ्यावं लागतं, म्हणजे नव्या बिटचं टोक लाकडाला नेमकं कुठे टेकतं ते यंत्राला सांगावं लागतं. मी टोकाखाली कागद धरतो आणि टोक हळूहळू खाली आणतो. कागद सरकतो, सरकतो, आणि अडला की तिथे शून्य. हे विसरलात तर नवी बिट जेवढी लांब तेवढी ती जास्त खोल जाते आणि वाडग्याच्या तळाला भोक पडतं. पोरांना मी एकतीस वर्षं एकच गोष्ट घोकून घेतली की दुसऱ्यानं घेतलेलं शून्य आपलं नसतं, स्वतः तपासून घ्यायचं. अकरा वर्षांत माझा एकही वाडगा बिघडला नव्हता. याचा मला गर्व होता आणि तो मी लपवत नसे.

वाडगा झाला की ग्रामसेवक सोनवणे येऊन तपासतात. ते धुळ्याकडचे आहेत, नियमाला पक्के. ते वाडग्यात पेलाभर पाणी ओततात आणि साठपर्यंत मोजतात. पाणी थांबलं तर वाडगा मंजूर. गळलं तर तो वाडगा नव्हे. त्याची गणना भुशात होते आणि कोरणाऱ्याचा परवाना जातो.

पौषात एके सकाळी माझी बायको रेवता खाटेवरून उतरली आणि खट्ट वाजलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ती म्हणाली, "चहा पिऊन जाजा पंचायतीत. उपाशी जाऊ नका."

सोनवणे दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी रेवताच्या घोट्यावर खिळ्यानं बारीक ओरखडा काढला, भिंगातून पाहिलं, वास घेतला.

"शिवण," ते म्हणाले.

"शिवण?" रेवता म्हणाली. "पोळपाटाचं लाकूड?"

"चांगलं लाकूड आहे, ताई. हलकं, फिकट, चिरत नाही. कोरायला तर लोण्यासारखं."

"म्हणजे यायले तरास नाही," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. सोनवण्यांनी अर्जात जातीच्या रकान्यात शिवण लिहिलं आणि चार नावं विचारली. तिनं सांगितली. भाऊ मोरेश्वर, दोन बहिणी आणि आमची एकुलती मुलगी पौर्णिमा. भुसा या शब्दापुढे त्यांनी न विचारताच माझं नाव घातलं.

नक्षीवरून आमचं भांडण झालं. मी संगणकावर पाकळ्या काढल्या, वेली काढल्या, काठाला भाताच्या ओंब्या काढल्या. ती खुर्चीवर बसून पडद्याकडे पाहायची आणि मान हलवायची.

"मले एक रेघ पाहिजे. काठाले एक रेघ, बस."

"अवो, शोभेचा वाडगा हाये. लोक काय म्हनतील, स्वतःच्या बायकोले एक रेघ काढली."

"मी कोनत्या दिवशी नक्षीची होती जी?"

मी एक रेघ काढली. सुताराचं मन बाभळीपाशी म्हणतात, तसं माझं मन त्या वेलींत अडकून राहिलं. आता वाटतं, तिच्या हातात मोजके दिवस असताना मी वेलीवरून वाद घालत बसलो, माझ्यासारखा करंटा मीच.

लाकूड कमरेपर्यंत आलं तेव्हा आम्ही तिला खुर्चीसकट सपरीत यंत्राशेजारी ठेवलं. म्हणजे मीच ठेवलं, बहुवचन सवयीनं आलं. हात अजून तिचे होते. दुपारी ती सूप मांडीवर घेऊन लाखोरीची डाळ निवडत होती. मांडी लाकडाची असल्यानं सूप अजिबात हलत नव्हतं आणि त्याचं तिला कौतुक वाटत होतं. निवडता निवडता ती म्हणाली, "अजी, एक बिघडवा."

"काय?"

"एक वाडगा बिघडवा. तळाले भोक पाडा. मंग तो भुशात जाते. भुसा तुमचा."

मी यंत्राच्या रुळांना तेल देत होतो. हात थांबला. ती डाळ निवडतच होती.

"चाळीस वर्स झाले तुमच्या संग," ती म्हणाली, "आन् तुमाले भुसा. मोऱ्यादादा नऊ वर्सं झाले आला नाही, त्याले वाडगा. हा कोनता न्याय हाये?"

"नियम हाये तो."

"नियम हाये म्हनूनच सांगून रायली. नियमातच बसते ते. मी सोनवणेसायबाले बराबर विचारून घेतलं."

मी म्हणालो की माझा परवाना जाईल. ती म्हणाली, जाऊ द्या. मी म्हणालो, गावात दुसरा कोरणारा नाही, लोकांचं काय? ती म्हणाली, लोक शिकतील. मी म्हणालो, आजपर्यंत एक वाडगा बिघडला नाही माझ्या हातून, लोक माझं नाव घेतात. तेव्हा तिनं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "नाव घेऊन बसजा मंग फळीवर."

मी विचार करतो म्हणालो. हे दोन शब्द मी अनेकदा परत आठवले आहेत. साधारणपणे कमरेपासून गळ्यापर्यंत आठ दिवस लागतात. त्या हिशेबानं मी विचार करायला आठ दिवस धरले होते. शिवण हलकी असते, वेगानं वाढते, हे मी फिटर असल्यामुळे मला ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी पहाटे मी चहा घेऊन गेलो तर गळा लाकडाचा झाला होता. डोळे उघडे होते. मी कप तिच्या ओठांना लावला, चहा हनुवटीवरून ओघळला. मी तिला सांगितलं, बिघडवतो. खरंच सांगितलं, दोनदा. पण कान गळ्याच्या आधी जातात की नंतर, याबद्दल नियमावलीत काही लिहिलेलं नाही.

पौर्णिमा त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं पुण्याहून आली. तिची आई तोवर पूर्ण झाली होती. ती खुर्चीपुढे जमिनीवर बसली आणि आईच्या गुडघ्यावर डोकं टेकून बराच वेळ तशीच राहिली. उठली तेव्हा तिच्या कपाळावर लाकडाच्या रेषा उमटल्या होत्या.

आरागिरणीत ठोकळे पाडतात ते पाहायला मी कधीच जात नाही, तेव्हाही गेलो नाही. चार ठोकळे घरी आले, प्रत्येकावर सोनवण्यांनी खडूनं नाव लिहिलेलं. फिकट पिवळट लाकूड, एक गाठ नाही. मी त्यातला मोरेश्वरचा ठोकळा आधी घेतला. बिघडवायचा तर हाच, असं मी रात्रभर ठरवून ठेवलं होतं.

सकाळी यंत्र चालू करायच्या वेळेला मोरेश्वर स्वतः येऊन पायरीवर बसला. नऊ वर्षांत माणूस अर्धा झाला होता. वाडगा गुंडाळायला त्यानं एक नवा कोरा पंचा आणला होता, त्यावरची कंपनीची चिठ्ठीसुद्धा काढली नव्हती. तो म्हणाला, "भाऊजी, तिच्यासंग मी बोललो नाही. काऊन बोललो नाही तेबी आता आठवत नाही." आणि पंच्यात तोंड घालून रडायला लागला. मी कागद धरला, शून्य घेतलं, वाडगा निर्दोष निघाला. बहिणींचे दोन वाडगे दुसऱ्या दिवशी झाले, तेही निर्दोष. बिघडवायला हात उचलत नाही हे मला कळून चुकलं. एकतीस वर्षं जे घोकलं ते बोटांत उतरलं होतं, आणि बोटं माझं ऐकत नव्हती.

चौथा ठोकळा पौर्णिमाचा होता. आपल्याच मुलीचा वाडगा बिघडवायचा विचारही मी केला नाही. जाड बिटनं आतला भाग पोकळ झाला, भुसा नळीतून पिंपात गेला. शिवणीचा भुसा वजनाला काहीच नसतो. पौर्णिमा शेजारी स्टुलावर बसली होती. मला हे यंत्र चालवायला तिनंच शिकवलं होतं, फोनवरून, एका पावसाळ्यात.

"बाबा, तुमी बसा," ती म्हणाली. "बिट मी बदलते."

मी बसलो. तिनं जाड बिट काढली, बारीक लावली, पाना फिरवून आवळली. बारीक बिट जाड बिटपेक्षा चौदा मिलिमीटर लांब आहे. वाडग्याचा तळ आठ मिलिमीटरचा ठेवला होता. हे दोन्ही आकडे तिला माहीत होते आणि मलाही.

"शून्य घेतलं," ती म्हणाली.

कागद टेबलावर होता. दुपारपासून तो तिथेच, माझ्या चष्म्याखाली होता. चष्मा हललेला नव्हता.

मी तिच्याकडे पाहिलं. ती यंत्राकडे पाहत होती. मी उठून तपासलं नाही. मी म्हणालो, "चालव."

यंत्र चाललं. शिवण खरोखर लोण्यासारखी कापली जाते, आवाजही फारसा येत नाही. तळाशी पोचल्यावर आवाज थोडा बदलला, मग खालच्या फळीला बिट लागली आणि जळका वास आला. पौर्णिमानं बटण दाबलं. वाडग्याच्या तळाला बेहड्याच्या फळाएवढं गोल भोक होतं. कड सुबक आली होती. काठाला एक रेघ.

सोनवण्यांनी पहिल्या तीन वाडग्यांत पाणी ओतून साठपर्यंत मोजलं. चौथ्यात ओतलं ते सरळ त्यांच्या बुटांवर पडलं. तरी त्यांनी साठपर्यंत मोजलं.

"हा वाडगा नाही," ते म्हणाले.

"चूक माझी आहे," पौर्णिमा म्हणाली. "शून्य मी घेतलं नव्हतं."

"यंत्र माझं हाये," मी म्हणालो. "तपासायचं काम माझं होतं. चूक माझी लिवा."

सोनवण्यांनी आळीपाळीनं आमच्याकडे पाहिलं. त्यांना समजलं असावं, पण समजल्याची नोंद करायला रकाना नव्हता. त्यांनी माझा परवाना मागून घेतला, घडी केली, खिशात ठेवला. मग पौर्णिमाच्या नावापुढे 'निरंक' लिहिलं, वाडगा उचलून भुशाच्या पोत्यावर ठेवला आणि पोतं माझ्या ताब्यात दिल्याची सही घेतली. माझी सही वाकडी आली.

पौर्णिमा दोन दिवसांनी परत गेली. मी तिला गाडीपर्यंत सोडायला गेलो. तिच्या पिशवीत भुसा होता, अर्ध्याहून जास्त. माझा भुसा मी कोणाला द्यावा याला नियमात मनाई नाही. गाडी यायच्या आधी ती म्हणाली, "आईचा फोन आला होता. वाडग्याच्या भोकावरून तुमचं बोलनं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हने, तुह्या बापाच्यानं होनार नाही. तू करजो."

"अजून काय म्हनाली?"

"हात लाकडाचे होऊन रायले म्हने, फोन धरता येत नाही. ठेवते."

गाडी आली, ती गेली. मी रस्त्यावर उभा राहून मोठ्यानं रडलो. पानटपरीवाल्यानं पाणी आणून दिलं.

परवाना गेल्यापासून गावात वाडगे झालेले नाहीत. जवळच्या गावातून माणूस आणावा की पंचायतीनं नवं यंत्र घ्यावं यावर दोन ग्रामसभा झाल्या, दोन्ही तहकूब. तोवर तिघं जण पूर्ण झाले, ते आपापल्या घरी उभे आहेत. लोक मला नावं ठेवतात. रस्त्यानं जाताना कोणी राम राम घालत नाही, आणि ते बरोबरच आहे. घरातलं माणूस घरातच अडकून उभं राहिलं की सगळ्यांना कोरणारा आठवतो. मी दिवसभर सपरीत वाडगा मांडीवर घेऊन बसतो. त्याला महिन्यातून एकदा तेल लावतो, वर्षातून एकदा लावतात तसं नाही.

मागच्या मंगळवारी सकाळी माझ्या टाचेचा खट्ट आवाज आला. मीच चहा केला, पिऊन पंचायतीत गेलो आणि अर्जाचा कागद घेऊन आलो.

काल सोनवणे आले. त्यांनी माझ्या घोट्यावर खिळा ओढला. ओरखडा उठला नाही. जोर लावून ओढला तेव्हा खिळा वाकला.

"धावडा," ते म्हणाले. "गुरुजी, हे कोरायला कोणी असतं तरी बिट तुटली असती."

"ठावं हाये."

"कोरणारा नसेल तर नोंद अखंड म्हणून होते. घरीच राहाल."

मी त्यांना विचारलं की दोन लाकडं एकमेकांपासून वेगळी निघत नसतील तर नियम काय सांगतो. त्यांनी पिशवीतून नियमावली काढली, चष्मा लावला, मागची पानं चाळली. मी तोवर वाडगा मांडीवर नीट ठेवला आणि एक हात आतून आणि एक खालून घालून दाखवला, दोन बोटं तळाच्या भोकात एकमेकांत अडकवून. लाकूड कमरेपर्यंत आलं की मी असाच बसणार आहे, हे त्यांना सांगितलं. हात झाले की ते सुटायचे नाहीत.

"वेगळं करता येत नसेल तर एकच नग धरतात," ते वाचून म्हणाले. "एक नग, एक नोंद."

त्यांनी अर्जावर नग एक लिहिलं. मग पेन थांबलं.

"जातीचा रकाना एकच आहे, गुरुजी. धावडा आणि शिवण दोन्ही मावणार नाहीत. कुठलं लिहू?"

मी म्हणालो, "शिवण लिवा."

त्यांनी शिवण लिहिलं, त्यावर शिक्का मारला, आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून बसले.